संध्याकाळी काढून ठेवायचे दात

'व्हिनिअर' हा शब्द मला आधी सुतारकामात भेटला. साध्या प्लायवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवला की कपाट सागवानी दिसू लागतं, आणि दुकानदारही ते सागवानी म्हणूनच दाखवतो. दातांच्या दवाखान्यात शब्द तोच आहे आणि कल्पनाही तीच. पुढच्या दातांच्या दर्शनी बाजूवर सिरॅमिकचा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा बसवायचा. डाग, फटी, वेडेवाकडेपणा, सगळं त्याखाली झाकलं जातं. फरक इतकाच की सुताराच्या हातून फळी बिघडली तर दुसरी आणता येते.

या पापुद्र्याच्या इतिहासात दोन प्रश्न आहेत. तो दिसावा कसा, हा पहिला. तो दातावर टिकावा कसा, हा दुसरा. दवाखान्यांच्या भिंतीवर लावलेली 'आधी' आणि 'नंतर'ची छायाचित्रं फक्त पहिल्याविषयी बोलतात. व्हिनिअर करून घेण्याआधी माणसाला जे ठाऊक असायला हवं, ते बहुतेक दुसऱ्याच्या इतिहासात दडलेलं आहे.

पण सुरुवात पहिल्यापासून करू. दात पांढरे असले तरच सुंदर, हा नियम वाटतो तितका पक्का कधीच नव्हता. संस्कृत कवींना कुंदकळ्यांसारखे दात आवडत, हे खरं. मात्र वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे, तिच्यात दात, वस्त्रं आणि अंग रंगवण्याचीही एक कला आहे. उत्तर हिंदुस्थानात मिस्सी होती. लोखंडाचा कीस, हिरडा, मायफळ अशा पदार्थांची ती पूड दातांना आणि हिरड्यांना लावली की काळी झाक येई, आणि सोळा शृंगारांच्या अनेक याद्यांत तिला मानाची जागा होती. आपल्या मराठी घरांतल्या सवाष्णी दातवण लावून दात काळे करत. जपानमध्ये लोखंड आंबवून केलेलं पाणी आणि मायफळासारख्या गाठींची पूड वापरून उमराव घराण्यांतले स्त्री-पुरुष आणि लग्न झालेल्या बायका दात काळेभोर ठेवत.

लोखंड आणि तुरट झाडपाला एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळ्या शाईमागचं रसायनही हेच. मोठमोठ्या दस्तऐवजांवर जी शाई उमटली, तिचीच बहीण बायकांच्या दातांवर होती. जपानी सरकारने १८७० साली उमराव घराण्यांत दात काळे करण्यावर बंदी घातली आणि १८७३ साली खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. एका पिढीत सौंदर्य उलटं फिरलं. आपल्याकडे असा कुठला हुकूम निघाल्याचं मी वाचलेलं नाही, तरी झालं तेच. माझ्या आजीला तिच्या सासूच्या काळ्या दातांचं कौतुक होतं. माझ्या आईला त्याच दातांची लाज वाटायची.

युरोपात दात दिसणं हीच मुळात असभ्यता होती. १७८७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ या चित्रकर्तीने लेकीला कुशीत घेतलेलं स्वतःचं चित्र मांडलं. त्यात ओठ किंचित विलग आहेत आणि दात दिसतात. एवढ्यावरून रसिक म्हणवणाऱ्यांनी नाकं मुरडली. पण पॅरिस बदलत होतं. पिएर फोशार यांचा दंतशस्त्रक्रियेवरचा मोठा ग्रंथ १७२८ मध्येच आला होता, दात उपटणाऱ्या बाजारी माणसाच्या जागी दंतवैद्य नावाचा शिकलेला माणूस उभा राहत होता. त्याच शतकात द्युशातो नावाच्या एका औषधविक्याला स्वतःच्या हस्तिदंती कवळीचा वास सहन होईना, म्हणून त्याने चिनी मातीची कवळी भाजून पाहिली. ती भट्टीत आकसायची, मापाला बसायची नाही. द्युबुआ द शेमाँ या दंतवैद्याने ती युक्ती पुढे नेली, आणि क्रांतीनंतर लंडनला जाऊन १७९१ साली तिचं ब्रिटिश पेटंट घेतलं. चिनी माती कुजत नाही, डागाळत नाही, आणि तिच्यातून उजेड थोडा आरपार जातो. दातासारखं दिसणारं द्रव्य माणसाला सापडलं होतं.

दुसरा प्रश्न मात्र सुटत नव्हता. हे तोंडात टिकवायचं कशाने?

माया लोक दाताला बारीक भोक पाडून त्यात हिरवा जेड बसवत आणि झाडांच्या चिकापासून केलेल्या लुकणाने तो पक्का करत. हजारएक वर्षांपूर्वीच्या कवट्यांत ते खडे अजून जागेवर आहेत. पण त्यासाठी दातात भोक पडलेलं असे. आपल्याकडे कनोजचा राजा जयचंद ११९४ साली चंदावरच्या लढाईत पडला, तेव्हा त्याचं प्रेत सोन्याने बसवलेल्या दातांवरून ओळखलं, असं फेरिश्ताने लिहून ठेवलं आहे. त्याने हे लिहिलं ते चारेकशे वर्षांनंतर, तरी सोन्याने दात बसवतात हे वाचकाला नवीन वाटणार नाही, हे त्याने गृहीत धरलेलं दिसतं. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडाची होती ही नुसती दंतकथा. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि माणसांचे दात वापरून ती केलेली होती आणि स्प्रिंगांच्या जोरावर जबड्यात धरलेली असे. तार, खिळा, स्प्रिंग, भोक. शेकडो वर्षं दात टिकवायचा म्हणजे असंच काहीतरी करायचं.

मग बोलपट आले. कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ सरकला, दिव्यांचा झोत थेट तोंडात पडू लागला, आणि हॉलिवूडच्या नटनट्यांचे दात अचानक साऱ्या जगाला दिसायला लागले. बेव्हर्ली हिल्समध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य होते. त्यांनी दातांवर बसणारी पातळ कवचं तयार केली. कवळी चिकटवायची पूड लावून ती तेवढ्यापुरती बसवायची आणि चित्रीकरण संपलं की काढून ठेवायची. त्यांनी जेवता येत नसे. 'द विझार्ड ऑफ ऑझ' या १९३९च्या चित्रपटात ज्युडी गारलंडच्या दातांवर अशीच काढती कवचं होती.

त्याहून विलक्षण गोष्ट शर्ली टेंपलची. ती १९२८ साली जन्मली आणि सहा-सात वर्षांची असताना जगातल्या सगळ्यांत लाडक्या बालनट्यांत तिची गणना होऊ लागली. नेमके तेव्हाच दुधाचे दात पडतात. एका दृश्यात दात आहे आणि पुढच्यात नाही, हे स्टुडिओला चालणारं नव्हतं. म्हणून तिच्या फटींवर कवच बसे. त्या वयाच्या कोट्यवधी मुलांची तोंडं बोळकी असताना पडद्यावरच्या मुलीच्या तोंडात कधीच फट पडली नाही. आज ज्याला आपण 'हॉलिवूड स्माइल' म्हणतो, त्याचा जन्म हा असा, पुडीवर तात्पुरत्या चिकटलेल्या दातांतून झाला. त्यात एक सोय होती, जिची किंमत तेव्हा कुणाला जाणवली नसेल: संध्याकाळी खालचा दात जसाच्या तसा सापडत असे.

ही सोय गेली ती १९५५ नंतर. अमेरिकेत रॉचेस्टर इथे मायकेल बुओनोकोरे नावाचे संशोधक होते. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्लाचा हात फिरवतात, हे त्यांना माहीत होतं. तेच त्यांनी दातावर करून पाहिलं. ८५ टक्क्यांचं आम्ल, ३० सेकंद, मग धुऊन, वाळवून वर अ‍ॅक्रिलिकचा थेंब. साध्या दातांवरचे थेंब लवकर सुटले. आम्ल लावलेल्या दातांवरचे कितीतरी अधिक काळ टिकले. आम्लाने दाताच्या एनॅमलवर, म्हणजे वरच्या कठीण थरावर, डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पडतात. पातळ राळ त्यांत शिरते आणि तिथेच कडक होते. जे आम्ल दात किडवतं त्याच्याच जातीचं आम्ल दात चिकटवायच्या कामी आलं. १९६२ साली राफेल बोवेन यांनी दातांसाठी नवी, मजबूत राळ तयार केली. १९८३च्या सुमारास सायमनसन आणि कॅलामिया यांनी सिरॅमिकच्या पापुद्र्याची आतली बाजूही हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरबरीत करून दाखवली. आता दोन्ही बाजूंना छिद्रं आणि मध्ये राळ. तार नको, खिळा नको. दुसरा प्रश्न सुटला.

तो सुटला तो एनॅमलच्या भरवशावर, हे ध्यानात ठेवायला हवं. पापुद्र्याला जागा मिळावी म्हणून बहुतेकदा एनॅमल थोडं घासून घेतात. दातांच्या दर्शनी बाजूला हा थर जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो आणि हिरडीजवळ त्याहून पातळ. तो शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, आणि सर्वांत निराधारही. हाड मोडलं तर सांधतं, कातडी भरून येते. एनॅमल घडवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा झालेल्या असतात. घासलेलं एनॅमल परत येत नाही. जास्त घासलं तर खालचं डेंटिन उघडं पडतं, आणि डेंटिन ओलसर, नळ्यानळ्यांचं असल्याने राळ त्यावर तितकी घट्ट बसत नाही. थंड पाण्याची कळ येते ती वेगळीच. म्हणजे ज्या थराच्या जोरावर व्हिनिअर टिकतं, तोच थर व्हिनिअरसाठी द्यावा लागतो. किती द्यायचा, एवढाच प्रश्न उरतो.

हे सगळं मी कुतूहलापोटी वाचत होते, कारण मी इतिहास शिकवत आले आहे आणि वस्तूंचे इतिहास मला राजांच्या इतिहासापेक्षा अधिक बोलके वाटतात. मग माझ्या भाचीने मला हैदराबादला फोन केला. तिचे दात तपकिरी आहेत, काहींवर पांढुरके पट्टे, दोन दातांवर बारीक खड्डे. ती यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळच्या एका गावात वाढली. तिथल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे.

या तपकिरी दातांनाही इतिहास आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हे दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात आले आणि तिथल्या माणसांचे डागाळलेले दात पाहून चक्रावले. कारण उलगडायला तीस वर्षं लागली. १९३१ साली पाण्यातलं फ्लोराइड सापडलं. भारतात १९३७ साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून या आजाराची नोंद झाली. पुढे नागपूरच्या 'नीरी'ने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून पाण्यातलं फ्लोराइड खाली बसवायची पद्धत काढली. तिला नाव मिळालं ते नळगोंड्याचं, माझ्या शहरापासून दोन-अडीच तासांवरच्या त्या जिल्ह्याचं, जिथे या पाण्याने केवळ दात नाही, तर माणसांची हाडंही वाकवली. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. दातांवरचे डाग पडतात ते बालपणी, हिरडीच्या आत एनॅमल घडत असताना. म्हणजे माझ्या भाचीच्या दातांवर जे दिसतं, तो तिच्या पहिल्या सात-आठ वर्षांतल्या विहिरींचा आणि हातपंपांचा जमाखर्च आहे. तिने दात नीट घासले नाहीत म्हणून ते पडले, असं समजणारी माणसं तिला रोज भेटतात.

तिला बघायला पाहुणे येणार होते. जिल्ह्याबाहेरच्या एका दवाखान्याने दोन बैठकांत वरचे-खालचे मिळून वीस दात 'करून' द्यायचं सांगितलं होतं. घरातली वडीलधारी मंडळी म्हणत होती, एकदाच काय तो खर्च होऊन जाऊ दे. ताईने फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "मावशी, तू जुनं-पुराणं वाचतेस ना, मग एवढं सांग, करू की नको?"

करू नको असं मी म्हटलं नाही. तोंडावर हात धरून हसणाऱ्या मुलीला 'रूप अंतरात असतं' असं सांगणं मला क्रूर वाटतं. मी तिला म्हटलं, त्यांना आधी विचार की हे व्हिनिअर आहे की कॅप. ती तिथे विचारून आली. कॅप होती.

या दोन शब्दांमधलं अंतर फार मोठं आहे. व्हिनिअर दर्शनी बाजूवर बसतं. कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासून त्याचा खुंट करतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत व्हिनिअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातलं ३ ते ३० टक्के द्रव्य जात होतं, तर कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. मोडक्या किंवा रूट कॅनल झालेल्या दाताला कॅप हे वरदान असतं. धडधाकट दाताला ती बसवणं म्हणजे भिंतीला रंग द्यायचा म्हणून भिंतच पाडणं. ब्रिटनमधून स्वस्तात दात करून घ्यायला लोक तुर्कस्तानला जातात; तिथून व्हिनिअर समजून कॅप घेऊन परतलेल्यांमुळे इंग्रजीत 'टर्की टीथ' असा शब्दच रूढ झाला आहे.

नंतर आम्ही नागपूरला एका बाईंकडे गेलो. त्या दंतवैद्यक महाविद्यालयात शिकवलेल्या, आता निवृत्त. त्यांनी आधी हिरड्या तपासल्या, कारण सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीशेजारी पापुद्रा नीट बसत नाही. रात्री दात खातेस का, असं विचारलं. झोपेत करकरणारे दात सिरॅमिकचा टवका उडवतात. मग 'एकदाच'चा हिशोब मांडला. चांगलं व्हिनिअर दहा-पंधरा वर्षं टिकतं, काहींचं त्याहून अधिक. चोवीसाव्या वर्षी केलं तर साठीपर्यंत दोन-तीनदा बदलावं लागेल, आणि प्रत्येक वेळी खालचा दात थोडा कमी होण्याचा धोका. सिरॅमिकचा रंग नंतर ब्लीचिंगने उजळत नाही, त्यामुळे शेजारच्या दातांचा रंग आधीच ठरवावा लागतो. आणि फ्लोराइडने बदललेल्या एनॅमलवर आम्ल लवकर चालत नाही, ते जास्त वेळ ठेवावं लागतं. हे ज्याला माहीत नाही त्याने लावलेलं व्हिनिअर निसटतं. बुओनोकोरेंचे ३० सेकंद माझ्या भाचीच्या दातांना पुरणारे नव्हते.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते पाहून मला हसू आलं. त्यांनी दातांचं माप घेतलं, प्लास्टरच्या साच्यावर मेणाने नवे दात घडवले, आणि त्यावरून केलेलं तात्पुरतं कवच, काहीही न घासता, भाचीच्या दातांवर बसवलं. "आज संध्याकाळी घरी असंच राहा," त्या म्हणाल्या, "उद्या काढू." पिंकस यांची नव्वद वर्षांपूर्वीची युक्ती होती ती. ज्या दवाखान्यात घासण्याआधी ही पायरी देत नाहीत, तिथे थांबून विचार करावा, असं मी आता कुणालाही सांगते.

त्या संध्याकाळी भाची आरशासमोर बराच वेळ होती. फोटो काढले, पाठवले. मग म्हणाली, "मावशी, दात बदलले तरी हात तोंडाकडे जातोच गं." दुसऱ्या दिवशी तिने स्वतः ठरवलं. आधी मायक्रोअ‍ॅब्रेशन, म्हणजे डागाळलेला अगदी वरचा थर केसाएवढा कमी करणं, मग ब्लीचिंग, आणि खड्डे होते त्या दोन दातांवर कंपोझिट. दात जाहिरातीसारखे झाले नाहीत. तपकिरी मात्र राहिले नाहीत. बाई तिला म्हणाल्या, दहा वर्षांनी वाटलं तर व्हिनिअर तेव्हाही करता येईल. आज केलं तर दहा वर्षांनी न केल्यासारखं करता येणार नाही. कुणी खोल डागांसाठी, तुटलेल्या कडांसाठी विचारपूर्वक व्हिनिअर करून घेतं आणि सुखी होतं, अशी माणसंही मी पाहिली आहेत. त्यांनीही घासायचं किती, हे आधी विचारलेलं होतं.

रंगांची फॅशन पिढीगणिक फिरते. काळ्याचं पांढरं झालं, आता पांढऱ्याचं कागदासारखं पांढरं झालं आहे, उद्या आणखी काही होईल. एनॅमल त्या वेगाने फिरत नाही. ते निसर्ग माणसाला दोनदाच देतो, एकदा दुधाच्या दातांना आणि एकदा त्यांच्या जागी येणाऱ्या दातांना. शर्ली टेंपल संध्याकाळी आपलं कवच काढून ठेवी, तेव्हा त्या फटीत हिरडीखालून नवा दात वर येत असे. तिला घाई करण्याचं काही कारण नव्हतं. आपल्याला तिसरा दात येणार नाही, म्हणून तर आपण अधिक सावकाश चाललं पाहिजे.